कडीला कडी

रमजान जवळ आला की आमच्या गल्लीत सोन्याआधी चांदीचा भाव विचारला जातो. जकातीचा निसाब सोन्यात मोजला तर साडेसात तोळे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम. चांदीत मोजला तर साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. पैगंबरांच्या काळात वीस दिनार आणि दोनशे दिरहम यांची किंमत साधारण सारखीच होती, म्हणून ही दोन मापं शेजारी शेजारी आली. आज त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. त्यामुळे सोन्याच्या मापाने जकात लागू न होणाऱ्या कितीतरी बायका चांदीच्या मापाने 'साहिबे-निसाब' ठरतात. मग त्या वही घेऊन माझ्याकडे येतात. "बाजी, पैंजण धरने का के नै?" आपण कोल्हापूरकर बहुतेक हनफी, म्हणून वापरातले दागिनेही धरायचे. कोकणातली शाफई सून असेल तर ती सांगते, आमच्यात अंगावरचं धरत नाहीत. मी दोन्ही मतं सांगते, हिशोब करून देते, चाळिसावा भाग काढून देते.

इतकी वर्षं चांदी माझ्यासाठी अशी आकड्यातच होती. धातू म्हणून तिची ओळख झाली ती एका विद्यार्थिनीमुळे.

मी उर्दू शाळेत शिकवते. उर्दू आणि मराठी दोन्ही. आठवीच्या वर्गात मराठीचे वाक्प्रचार चालले होते. 'मुशीत घडणे' आलं. मी अर्थ सांगितला, वाक्यात उपयोग करून दाखवला. मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी फार न बोलणारी, म्हणाली, "टीचर, मूस लाल झाल्यावर तिला थंड चिमटा लावला तर ती तडकते." वर्ग हसला. मला मात्र ते वाक्य फार आवडलं. तिचं आजोळ हुपरीचं. सुट्टीत ती नानीकडे जाऊन पैंजणाच्या कड्या जोडते. वाक्प्रचाराचा अर्थ वर्गात सगळ्यांना सांगता आला, पण मूस पाहिलेली ती एकटीच होती. त्या मे महिन्यात तिच्याच ओळखीने मी हुपरीला गेले, बघायला नव्हे, शिकायला.

हुपरी हातकणंगले तालुक्यात, कोल्हापूरहून एसटीने तासाभराच्या आत. 'चंदेरी नगरी' हे तिचं नाव आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. हुपरी, रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोली या पट्ट्यात पैंजण, साखळ्या, करदोडे, जोडवी घडतात आणि देशभर जातात. पण तिथे गेल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही, की एक माणूस अख्खं पैंजण घडवत नाही. आटणी एकाकडे, तार ओढायची दुसऱ्याकडे, कड्या तिसऱ्या घरी, झाळकाम चौथ्या, घुंगरं पाचव्या, उजाळणं सहाव्या. एक दागिना निम्मं गाव फिरून येतो. मराठा, जैन, लिंगायत, सोनार, मुसलमान, सगळ्यांच्या हातून जातो, आणि शेवटी कुणाच्या पायात वाजतो ते यातल्या कुणालाच माहीत नसतं.

मला शिकवायला तयार झाले ते अण्णा. वय सत्तरीच्या पुढे, कारखाना म्हणजे घराची मागची खोली. माझं वय आणि पेशा ऐकून त्यांना नवल वाटलं. "बाई, पोरं शिकंनात झाल्यात, आन् तुम्ही मास्तरीण हून शिकाय आला व्हय?" मग म्हणाले, "एक अंगठी करा आदी. साधी, बिनखड्याची. तेवढी जमली म्हंजे निम्मं काम आलं."

पहिला धडा पाण्याचा होता. कोपऱ्यात एक बादली. काम संपवून उठायचं तर त्या बादलीतच हात धुवायचे, आणि ते पाणी फेकायचं नाही. जमिनीचा केर टाकायचा नाही. राख टाकायची नाही. वर्षभर सगळं साठवायचं आणि झारेकऱ्याला विकायचं. तो ती राखमाती धुऊन, गाळून त्यातली चांदी वेगळी काढतो. उर्दूत या माणसाला 'नियारिया' म्हणतात, न्यारा करणारा, म्हणजे वेगळं करणारा. हा शब्द मी शब्दकोशात वाचला होता. तो असा बादलीच्या शेजारी भेटेल असं वाटलं नव्हतं. सोन्याचांदीचं हे शुद्ध करण्याचं काम आपल्या भागाला नवं नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीची माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभरातल्या शहरांत जाऊन बसली आहेत.

दुसरा धडा मिश्रणाचा. शुद्ध चांदी इतकी मऊ असते की तिची अंगठी महिन्याभरात बोटाचा आकार सोडून देईल. म्हणून तिच्यात तांबं मिसळतात. हजारात ९२५ भाग चांदी आणि ७५ भाग तांबं, हे जगभर चालणारं प्रमाण. हॉलमार्कवर ९२५ असा आकडा दिसतो तो हाच. राजाछाप-राणीछाप रुपया आपल्या आज्यांनी जपून ठेवला, त्यात चांदी ९१.७ टक्के होती आणि वजन बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. तो रुपया म्हणजे खिशातलं नाणंही होतं आणि वजनाचं मापही, आणि गरज पडली की आटवून दागिनाही व्हायचा. 'रुपया' या शब्दातच 'रुपं' आहे, म्हणजे चांदी.

शुद्ध चांदी ९६१.८ अंश सेल्सिअसला वितळते. तांबं मिसळलं की ती अलीकडेच, साधारण ८९३ अंशांना पूर्ण पातळ होते. अण्णांना यातला एकही आकडा माहीत नाही. त्यांनी खोलीची खिडकी बंद केली, दिवा मालवला. मला वाटलं वीज वाचवतात. "उजेडात रंग कळत न्हाई," ते म्हणाले. तापलेल्या चांदीचा फिकट, धुरकट लाल रंग अंधारातच दिसतो. तोच त्यांचा तापमापक.

तार ओढताना धातूचा स्वभाव कळला. जंत्री म्हणजे लहान होत जाणाऱ्या भोकांची पोलादी पट्टी. तारेचं टोक निमुळतं करून भोकातून घालायचं, सांडशीने धरायचं आणि ओढायचं. मग त्याच्याहून लहान भोक, मग त्याच्याहून लहान. तीन-चार भोकांनंतर तार हट्टी होते. वाकवायला गेलं तर उसळते, अजून ओढलं तर तुटते. आतले कण दाबले जाऊन एकमेकांत अडकतात, म्हणून ही ताठरता येते. उपाय एकच, पुन्हा तापवायची. तो फिकट लाल रंग आला की पाण्यात विझवायची. लोखंड असं विझवलं तर कडक होतं; चांदी मऊ होते. बी.एड.ला असताना मुलांच्या शिस्तीवर पानंच्या पानं लिहिली होती. ज्या गोष्टीने एक धातू कडक होतो तिनेच दुसरा मऊ होतो, हे तिथे कुणी असं हातात देऊन दाखवलं नव्हतं.

मग झाळ. दोन मिलिमीटरची तार बोटाच्या मापाने वळवली, टोकं कानशीने इतकी सपाट घासली की मधून उजेड दिसेना. झाळ म्हणजे चांदीतच तांबं आणि जस्त जास्त घालून केलेला, लवकर वितळणारा मिश्रधातू. तो सातशे-साडेसातशे अंशांच्या आसपास वाहतो. म्हणजे सांधा जुळण्याची वेळ आणि अख्खी अंगठी गोळा होण्याची वेळ यांत अंतर थोडंच. त्यात चांदीचा आणखी एक गुण आड येतो. सगळ्या धातूंत उष्णता सर्वांत चांगली वाहून नेणारा धातू चांदी. सांध्यावर ज्योत धरली तर उष्णता तिथे थांबतच नाही, सगळीकडे पळते. म्हणून आधी सगळी अंगठी तापवायची, मग सांध्याकडे यायचं. आणि झाळ आपण ढकलू तिकडे जात नाही, जिकडे जास्त ऊब तिकडे जाते.

त्याआधी सांध्याला सवागी लावायची. सवागी म्हणजे टाकणखार, हिंदी-उर्दूत सुहागा. हवेतला प्राणवायू तांब्याला काळं करतो आणि काळ्या पृष्ठभागावर झाळ बसत नाही. सवागी वितळून काचेसारखं पांघरूण घालते आणि हवेला आत येऊ देत नाही. 'सोने पे सुहागा' आपण लग्नाच्या पत्रिकेपासून निवडणुकीच्या भाषणापर्यंत सगळीकडे म्हणतो. मीही वर्गात शंभरदा म्हटलं असेल. सुहागा स्वतः चमकत नाही, किंमतही वाढवत नाही. तो फक्त दोन तुकडे एक होईपर्यंत मधे उभा राहतो, आणि काम झालं की त्याला तेजाबात धुऊन काढतात. आता हा वाक्प्रचार शिकवताना मी थोडी जास्त वेळ थांबते.

तेजाब म्हणजे पातळ केलेलं गंधकाम्ल. पाण्यात आम्ल घालायचं, आम्लात पाणी कधीच नाही. नाहीतर ते उसळून अंगावर येतं. आणि त्यात लोखंडी चिमटा घालायचा नाही, नाहीतर आम्लात उतरलेलं तांबं चांदीवर चढून ती तांबूस होते. तांब्याचा चिमटा वेगळा ठेवलेला असतो. मग रिठ्याच्या पाण्यात पितळी तारेच्या ब्रशने घासलं की ती पांढरी, शांत चमक येते. 'उजाळा देणे' म्हणतात ते हेच.

संध्याकाळी परत येताना एसटीत मी शब्द मोजत बसायचे. नक्षी हा अरबी 'नक्श'. ताईत हा अरबी 'तावीज'. कारागीर फारसी, मीना फारसी, तेजाब फारसी, मजुरीही फारसीतूनच. आणि ज्याच्याशिवाय कोल्हापूरचं नाव पुरं होत नाही, तो 'साज'? तोही फारसीच. अंबाबाईच्या गावात, गुजरीत घडणाऱ्या, सौभाग्याचं लेणं असलेल्या दागिन्याचं नाव आमच्या उर्दूच्या पुस्तकातलं. उलट मूस, जंत्री, ऐरण, कानस, झाळ, सवागी हे शब्द हुपरीतला मुसलमान कारागीर दखनी बोलतानाही मराठीच वापरतो. ऐरणीवर बसून कुणी भाषांचा वाद घालत नाही, कारण तिथे जो शब्द पटकन सांडशी हातात देतो तो चांगला शब्द.

अण्णांना मी एक गोष्ट सांगितली. कुराणात दाऊद अलैहिस्सलाम यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख आहे. त्यांना चिलखतं करायला सांगितलं आणि त्यासोबत एक बारीक सूचना केली, की कड्यांचं माप नीट राखा. राजा आणि पैगंबर असलेल्या माणसाला कड्यांच्या मापाची सूचना! हदीसमध्येही आहे की ते स्वतःच्या हातच्या कमाईचं खात. अण्णा ऐकत होते. म्हणाले, "कडीचं माप चुकलं की पैंजण पायात गोल बसत न्हाई, पीळ पडतो. तुमच्या देवाला ह्ये ठावं हाय म्हंजे बरं हाय."

कड्यांचं माप राखणारे हात मात्र अण्णांच्या खोलीत नव्हते. ते गल्लीत होते. दुपारी जेवणं उरकली की दारादारांत बायका पाटावर चांदीची तार घेऊन बसतात. सळईवर तार गुंडाळायची, स्प्रिंगसारखी झाली की कापायची, एकेक कडी उघडून दुसरीत घालायची आणि मिटवायची. माझ्या विद्यार्थिनीची नानी चाळीस वर्षं हेच करते. सगळे तिला खाला म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागले. दोन चिमट्यांत तिची बोटं इतकी भराभर चालतात की कडी कधी मिटली ते दिसत नाही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागलाय. "आंखां गए बेटी, हाथां कू सब याद हाय," ती म्हणते.

मजुरी वजनावर. चांदीचा भाव किलोला लाखाच्या पुढे गेला तशी दुकानात चांदी महाग झाली, कडीची मजुरी त्या वेगाने वाढली नाही. उलट एक नवी भीती आली. घट. दिलेली तार आणि परत आलेल्या कड्या यांच्या वजनात जी तूट येते ती घट. थोडी घट सगळेच मान्य करतात, कापताना कीस पडतोच. ठरल्यापेक्षा जास्त झाली तर मजुरीतून कापून घेतात. पूर्वी एक ग्रॅम कापला तर कुणी बोलायचं नाही. आता एक ग्रॅम म्हणजे शंभराच्या वर रुपये, बाईची कितीतरी वेळची मजुरी.

खालाकडे चिठ्ठ्यांचा एक डबा होता. व्यापाऱ्याच्या माणसाने मराठीत लिहिलेल्या. खालाला वाचता येत नाही. मुलीची आई उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, तिला मराठी आकडे कळतात, अक्षर नीट लागत नाही. मी आणि मुलगी त्या चिठ्ठ्या घेऊन बसलो. एका चिठ्ठीत होतं: दिले ५०० ग्रॅम, आले ४९४, घट ६, मान्य ५, कपात १. मुलीने विचारलं, "नानी, कीस तू देती ना पुडीत?" खाला म्हणाली, हो, तुकडे आणि कीस दर वेळी कागदात बांधून देते. ती पुडी कुठल्याच चिठ्ठीत नव्हती. घरी वजनकाटा नव्हता, म्हणून पुढच्या खेपेला मुलीने किसाची पुडी अण्णांच्या काट्यावर तोलली. चार ग्रॅम भरली. म्हणजे पाचशेतून परत आले चारशे अठ्ठ्याण्णव. घट दोन. कपात शून्य.

त्या व्यापाऱ्याने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. ज्या गोष्टीचा रकानाच नाही ती कुणी लिहीत नाही, आणि जी लिहिली जात नाही ती बाईच्या अंगावर येते. मुलीने वहीचं पान आखलं. पाच रकाने: तारीख, दिलेली तार, आलेल्या कड्या, कीस व तुकडे, घट. अक्षर सुंदर, शुद्धलेखन बिनचूक. पुढच्या वेळी आईने ते पान पुढे केलं. माणूस जरा हसला, मग काट्यावर पुडी ठेवली आणि सही केली. मागची कपात काही परत मिळाली नाही. पण तेव्हापासून चौथा रकाना भरला जातो, आणि आता गल्लीतल्या आणखी तीन घरांनी तेच पान आखून घेतलं आहे.

मी शिक्षिका असल्यामुळे मला नेहमी एकच प्रश्न विचारला जातो, आणि या मुलीच्या आईनेही विचारला. दहावीनंतर शिकून काय मिळणार? हातात हुन्नर आहे, घरबसल्या चार पैसे येतात, पोर नजरेसमोर राहते. यावर आपण शिकलेली माणसं पटकन शिक्षणाचं महत्त्व सांगायला लागतो. मी त्या भाषणाच्या वाटेला गेले नाही. पंधरा दिवस चिमटा धरल्यावर मला कळलं होतं की खालाचं काम बुद्धीचं आहे. पाचशे कड्या एका मापाच्या मिटवणं ही परीक्षाच आहे. मी तिला फक्त विचारलं, आटणीच्या खोलीत कधी गेलीस? टंच कसा काढतात ते पाहिलंस? एक किलो शुद्ध चांदीची ९२५ करायची तर तांबं किती घालतात, माहीत आहे? तिला माहीत नव्हतं. मुलीने कागदावर भागाकार केला, हजार भागिले ०.९२५, आणि सांगितलं, एक्क्याऐंशी ग्रॅम.

खरा पैसा आणि खरी सत्ता आटणी, टंच आणि वही या तीन ठिकाणी आहे. चाळीस वर्षं कड्या जोडणारी बाई या तिन्हीच्या बाहेर बसते. तिला कुणी उंबऱ्यावर अडवलेलं नाही, पण आत बोलावलेलंही नाही. शाळा हुन्नराच्या जागी दुसरं काही देते असं मला आता वाटत नाही. हात जिथे थांबतात तिथून पुढची खोली शाळा उघडू शकते, जर आपण मुलीला दहावीच्या आधीच उठवलं नाही तर. आपल्या समाजात आपण हुन्नराचं कौतुक फार करतो, आणि त्याच हुन्नराचा हिशोब दुसऱ्याच्या अक्षरात सोडून देतो. जकात काढताना आपण ६१२.३६ पर्यंत, दशांशासकट मोजतो. मग मजुरीचा एक ग्रॅम का मोजू नये?

ती मुलगी आता नववीत आहे. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. एक स्थळ येऊन गेलं, आईने "अभी नै" म्हटलं, एवढं कळलं. माझी अंगठी तयार आहे. सांध्याची रेघ भिंगाखाली दिसते, नुसत्या डोळ्यांना नाही. ती माझ्या भावाला दिली. आपल्याकडे पुरुषांना सोनं मना आहे, चांदीची अंगठी चालते. पैगंबरांच्या बोटातही चांदीचीच होती.

अण्णांनी येत्या मे महिन्यात आटणी आणि टंच शिकवायचं कबूल केलंय. त्यांचं म्हणणं, बायकांना इतकी आग सोसायची नाही. मी म्हटलं, अण्णा, आमच्या घरातली चूल कोण पेटवतं? ते हसले आणि गप्प झाले. मी एकटी जाणार नाही. मुलगी येईल, तिची आई येईल, आणि डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं तर खालाही येणार आहे.